पाश्चरायझर तोच, दूध तेच, मग बॉयलरला ब्रिकेट दुप्पट का लागतायत?

सांगोल्याची_दूधवाली

नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ आमचा छोटा खाजगी दूध प्लांट आहे, ताशी २००० लिटरचा. आधी वडील बघायचे, आता मी बघते. शिक्षण माझं कॉमर्सचं. मशिनरीतलं जे काही कळतं ते ऑपरेटरशेजारी उभं राहून शिकलेलं.

दिवाळीनंतर आम्ही प्लांट नव्या शेडमध्ये हलवला. पाइपिंग एका फॅब्रिकेटरकडून नव्याने करून घेतलं, गॅस्केटही (सांध्यांतल्या रबरी पट्ट्या) त्याच वेळी बदलून घेतली. तेव्हापासून सगळं बिनसलंय. दूध ७३ अंशांवर न्यायला पूर्वी गरम पाणी ७६ ला ठेवलं की भागायचं, आता ८८ ला ठेवावं लागतं. ब्रिकेट (बॉयलरचं जळण) जवळजवळ दुप्पट जळतात. बॉयलर पनीरसाठी म्हणून मोठा घेतलेला, म्हणून तरी निभावतंय. दुसऱ्या टोकाला आइस बँकेत (गार पाण्यासाठी बर्फ साठवायची टाकी) बर्फ टिकत नाही आणि पिशवीत दूध ९-१० अंशांना भरलं जातं. गिऱ्हाइकं सांगतात, दुधाला जळकट वास येतो. उन्हाळा तोंडावर आलाय.

एक जण म्हणतो बॉयलर बदला, दुसरा म्हणतो चिलर वाढवा. दोघांची कोटेशनं टेबलावर पडलीत. पैसे घालण्याआधी मला हे पाश्चरायझरचं यंत्र, दूध तापवून लगेच गार करणारं, समजून घ्यायचंय. ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, येणारं दूध जाणाऱ्या दुधावर तापतं." म्हणजे आत नेमकं काय होतं? आणि कच्चं दूध नि तापलेलं दूध एकाच यंत्रात, मध्ये एवढासा पत्रा, तर ते एकमेकांत मिसळत कसं नाही?


पाना_नंबर_बावीस

ताई, दोन्ही कोटेशनं तूर्त बाजूला ठेवा. बॉयलर आणि चिलर एकाच दिवशी कमी पडायला लागले याचा अर्थ दोष त्या दोघांत नाही, दोघांच्या मध्ये आहे. मी कोल्हापूर भागातल्या एका दूध संघात मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त झालोय. प्लेटांचे पॅक (बोल्टांनी एकत्र कसलेले पातळ पत्रे) उघडण्यात आणि कसण्यात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पॅकचे तीन भाग आहेत. पहिला रिजनरेशनचा (तापलेल्या दुधाची उष्णता कच्च्या दुधाला देण्याचा), दुसरा गरम पाण्याचा, तिसरा गार पाण्याचा. तिन्हींत काम एकच, एका बाजूची उष्णता पत्र्यातून दुसऱ्या बाजूला द्यायची, पण द्रव मिसळू द्यायचा नाही. पत्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा. एका प्लेटेच्या पुढून कच्चं दूध जातं, मागून तापलेलं, पुढच्या प्लेटेला पुन्हा कच्चं, अशी आळीपाळी. प्लेटेवर बाणासारख्या ज्या नागमोडी खाचा दिसतात त्या नक्षीसाठी नाहीत. त्यांच्यामुळे दूध सरळ न वाहता घुसळत जातं. दूध संथ वाहिलं तर पत्र्यालगतचा थर तिथेच रेंगाळतो आणि आतल्या दुधापर्यंत उष्णता पोचूच देत नाही. १९२३ साली इंग्लंडात रिचर्ड सेलिगमन यांच्या कंपनीने दुधासाठी असा प्लेटांचा हीट एक्स्चेंजर बाजारात आणला आणि डेअरीवाल्यांनी तो उचलून धरला. एक कारण उष्णतेचं होतं, दुसरं असं की बोल्ट सोडले की प्रत्येक प्लेट दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी बघता येते, घासता येते.

आता तुमच्या ऑपरेटरचं वाक्य. ते शंभर टक्के खरं आहे आणि सगळा पाश्चरायझर त्या एका वाक्यावर उभा आहे. दूध ५ अंशांनी येतं. ते ७३ ला न्यायचं, १५ सेकंद होल्डिंग ट्यूबमध्ये (तापलेलं दूध तेवढा वेळ वाहतं ती नळी) ठेवायचं (नियम ७२ चा आहे, तुम्ही एक अंश जास्त धरता ते योग्यच) आणि पुन्हा ४ ला आणायचं. म्हणजे आधी ६८ अंश चढवायचे आणि लगेच ६९ अंश उतरवायचे. चढवताना ब्रिकेट जाळायच्या, उतरवताना वीज जाळायची. हा वेडेपणा टाळायला तापलेल्या दुधाची उष्णता येणाऱ्या गार दुधाला देऊन टाकायची. चांगल्या पॅकमध्ये ९० टक्के उष्णता अशी घरातल्या घरात फिरते. ५ अंशांचं कच्चं दूध रिजनरेशनमधूनच ६६ ला पोचतं, गरम पाण्याने फक्त शेवटचे ७ अंश द्यायचे. तापलेलं दूध आपोआप १२ पर्यंत उतरतं, आइस बँकेने फक्त उरलेले ८ अंश काढायचे.

हिशेब करून दाखवतो. ताशी २००० लिटर दूध एका अंशाने तापवायला साधारण सव्वादोन किलोवॅट लागतात. ७ अंशांना १६ किलोवॅट. रिजनरेशनच नसतं तर ६८ अंशांना दीडशेच्या वर. तुमचा खरा बॉयलर रिजनरेशन आहे, ब्रिकेटचा बॉयलर त्याच्या हाताखालचा.

म्हणून आधी दोन तापमानं मोजून सांगा. रिजनरेशनमधून बाहेर पडून गरम पाण्याच्या भागात शिरणारं कच्चं दूध किती अंश? आणि रिजनरेशनमधून बाहेर पडून गार पाण्याच्या भागात शिरणारं तापलेलं दूध किती अंश? थर्मामीटरची सोय नसेल तर पाइपला प्रोब बांधून वरून कापड गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, मग वाचा. प्लांट पूर्ण प्रवाहावर स्थिर चालू असताना मोजा, सुरुवातीला पाणी फिरत असताना नको.


सांगोल्याची_दूधवाली

काका, खूप आभार. आज सकाळच्या पाळीत मोजलं. प्रवाह २००० वर होता, कच्चं दूध ५ अंशांनी येत होतं. गरम पाण्याच्या भागात शिरताना ते ३८. तापलेलं दूध गार पाण्याच्या भागात शिरताना ४०. दोनदा मोजलं, ऑपरेटरनेही वेगळं मोजलं. ६६ आणि १२ यायला हवं होतं ना? मग प्लेटांवर इतकी घाण बसलीय का? पण गॅस्केट बदलताना प्लेटा घासून स्वच्छ केल्या होत्या, मी समोर होते.


पाना_नंबर_बावीस

ताई, तुम्ही मोजलेले हे दोन आकडेच निदान आहेत. ५ आणि ७३ यांची सरासरी काढा. ३९. तुमचं एक दूध ३८ ला अडकलंय, दुसरं ४० ला. थोडीफार घाण बसली असती तर दोन्हींत मोठं अंतर राहिलं असतं, कच्चं दूध समजा ५२ ला निघालं असतं आणि तापलेलं २६ ला. इथे दोघं मधोमध येऊन एकमेकांना भेटलीत. प्लेटा नुकत्याच घासलेल्या असताना हे होतं ते बहुतेक दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहतात तेव्हा. नव्या पाइपिंगमध्ये रिजनरेशनच्या कच्च्या दुधाच्या आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या युनियन (पाइप जोडायचे आटे) उलटसुलट जोडल्या गेल्यात.

कागदावर काढून बघा. बरोबर जोडणीत प्रवाह समोरासमोर असतात. ५ अंशांचं दूध जिथून शिरतं तिथे पत्र्यापलीकडे बाहेर पडणारं १२ अंशांचं दूध असतं. थोडं आत गेल्यावर हे २० झालेलं, पलीकडचं २७. आणखी पुढे हे ५०, पलीकडचं ५७. बाहेर पडताना हे ६६, आणि पलीकडे नुकतंच होल्डिंग ट्यूबमधून आलेलं ७३ चं. पॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ७ अंशांचा फरक टिकून राहतो. प्रत्येक प्लेट काम करते. म्हणून गार दूध शेवटी त्या दुधापेक्षाही गरम होऊन निघतं जे त्याला तापवून स्वतः गार होऊन बाहेर गेलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण ६६ आणि १२ हे आकडे तेच सांगतात.

एकाच दिशेने सोडलं की सुरुवातीलाच ५ अंशांचं आणि ७३ अंशांचं शेजारी येतात. फरक ६८ अंशांचा, उष्णता धो धो जाते. पण लगेच हे चढतं, ते उतरतं, फरक मरतो. दोन्ही ३९ च्या जवळ आली की द्यायला-घ्यायला काही उरत नाही. पुढच्या प्लेटा नुसत्या दूध वाहून नेतात. अशा जोडणीत आणखी शंभर प्लेटा लावल्या तरी ३९ ओलांडता येणार नाही. मोठा बॉयलर घेऊन ती मर्यादा हलत नाही, फक्त ब्रिकेटचा खर्च कायमचा मान्य केल्यासारखं होतं.

तुमची बाकीची सगळी लक्षणं यातून निघतात. गरम पाण्याला ७ ऐवजी ३५ अंश द्यावे लागतात, म्हणजे १६ किलोवॅटच्या जागी ७९. भाग तोच, प्लेटा तेवढ्याच, म्हणून पाणी ८८ ला न्यावं लागलं. आइस बँकेला ८ ऐवजी ३६ अंश काढायचे आहेत, ती कशी पुरणार? आणि जळकट वासही तिथलाच. पाणी ८८ चं झालं की पत्र्याला चिकटून जाणारं दूध ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. पनीर काढल्यावर पाण्यात उरतं ते दुधातलं प्रथिन साधारण ७० च्या पुढे उलगडून पत्र्याला धरतं. शिवाय दुधातला कॅल्शियम फॉस्फेट मिठासाखरेच्या उलट वागतो, गरम केल्यावर कमी विरघळतो, म्हणून तोही तिथेच बसतो. घरच्या पातेल्याच्या तळाला धरते तीच खरवड. ही खरवड स्टीलपेक्षा उष्णता साधारण तीसपट कमी नेते. अर्धा मिलिमीटर थर म्हणजे मध्ये पंधरा मिलिमीटर जाडीचं स्टील घातल्यासारखं. त्यामुळे गरम पाण्याचा भाग आता खरंच घाण झाला असणार. युनियन बदलल्यावर तो भाग उघडा, डोळ्यांनी बघा.

काय करायचं ते सांगतो. प्लांट धुऊन रिकामा झाल्यावर रिजनरेशनच्या कच्च्या बाजूच्या दोन युनियनची अदलाबदल करा. जुन्या शेडमधला फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर त्याच्याशी ताडून बघा, मिळतोच बहुतेक. मग पूर्ण सीआयपी, म्हणजे यंत्र न उघडता आतून रसायनांनी धुणं. कॉस्टिक सोडा एक-दीड टक्का, ७५ ते ८० अंशांना, मध्ये पाणी, मग नायट्रिक ॲसिड एक टक्क्याच्या आत ६० ते ६५ ला. कॉस्टिक प्रथिन काढतं, ॲसिड खनिजाचा थर काढतं, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. ॲसिड वाचवायला बघणारे लोक मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या प्लेटाही.


नवखा_केमिकलवाला

मध्येच विचारतो. मी डिप्लोमाला आहे. ताईंचा दुसरा प्रश्न राहिला. पत्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर कच्चं दूध तयार दुधात जाणार नाही का? मग पाश्चरायझेशनचा उपयोग काय?


पाना_नंबर_बावीस

फार महत्त्वाचं विचारलंत. भोक पडतं, हे धरूनच यंत्र आखलेलं असतं. रिजनरेशनमध्ये तापलेल्या दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा कायम जास्त ठेवतात. भोक पडलंच तर तयार दूध कच्च्यात जाईल, जे पुन्हा तापणारच आहे. उलट कधीच जाता कामा नये. गार पाण्याच्या भागातही दुधाचा दाब पाण्यापेक्षा जास्त हवा, नाहीतर आइस बँकेचं पाणी पिशवीत जाईल. प्लेटेच्या तोंडांशी, जिथे दोन्ही दुधं अगदी शेजारी येतात, तिथे गॅस्केट दुहेरी असते आणि दोन कडांमधली फट बाहेर हवेला उघडी ठेवलेली असते. एक कड गेली तर दूध दुसऱ्या बाजूला न जाता जमिनीवर ठिबकतं. म्हणून पॅकखाली थेंब दिसला की फडक्याने पुसून पुढे जाऊ नका, तो तुम्हाला वेळेत सावध करतोय.

ताई, याच कारणाने युनियन बदलल्यावर दोन्ही बाजूंचा दाब गेजवर बघितल्याशिवाय दूध चालू करू नका. दिशा बदलली की दाब कुठे जास्त, कुठे कमी, हेही बदलतं. पहिल्या लॉटची फॉस्फटेज टेस्ट करा. फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) कच्च्या दुधात असतं, नीट पाश्चराइझ केलेल्या दुधात उरत नाही. कच्चं दूध थोडंसं जरी मिसळलं तरी टेस्ट सांगते.


गव्हाणीवरून

मी साखर कारखान्यात आहे, इव्हॅपोरेटर विभागात. आमच्याकडे प्लेटा कमी, नळ्या जास्त. मोठ्या नळकांड्यात शेकडो नळ्या, नळीत उसाचा रस, बाहेरून वाफ. रस गाळणीपूर्वी क्लॅरिफायरला (गाळ खाली बसवायची टाकी) जाताना १०२-१०३ अंशांचा लागतो. पण सांगायचं होतं ते पुढचं. रस आटवायला चार बॉड्या (मोठी बंद भांडी) ओळीने असतात. पहिलीत बॉयलरकडची वाफ रस उकळवते, त्या रसातून जी वाफ निघते ती दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. पुढच्या पुढच्या बॉडीत दाब कमी, शेवटी जवळजवळ निर्वात, म्हणून कमी तापमानालाही रस उकळतो. एक टन वाफेत साधारण चार टन पाणी उडतं. ही पद्धत नॉर्बर्ट रिल्यू या न्यू ऑर्लिन्सच्या इंजिनिअरने लुइझियानातल्या साखरेसाठी बसवली, १८४३ आणि १८४६ साली तिची पेटंटं घेतली. गुलामगिरीच्या काळात, आई कृष्णवर्णीय असलेल्या माणसाने. आज आपल्याकडचा प्रत्येक कारखाना या पद्धतीवर चालतो आणि त्याचं नाव आमच्या सीझन कामगारांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

खरवडीचं दुखणं आमच्याकडेही तेच. नळीत आतून कॅल्शियमचे आणि सिलिकाचे थर बसतात, बॉडी थांबवून नळी नळी घासावी लागते. आतला माणूस घामाने निथळून बाहेर येतो.


देवगडकर_मासेवाला

मी इंजिनिअर नाही, पण समोरासमोरच्या प्रवाहाचं वाचून राहवलं नाही. कुपा (ट्यूना मासा) कापून बघा. मधोमध काळपट लाल मांस असतं. कुपा सतत पोहतो, त्या स्नायूंत उष्णता तयार होते. बाकीच्या माशांची उष्णता कल्ल्यांत रक्त गेलं की समुद्रात निघून जाते. कुप्याच्या अंगात बारीक रक्तवाहिन्यांची एक जाळी असते. स्नायूंकडून गरम रक्त कल्ल्यांकडे निघालेलं आणि कल्ल्यांकडून गार रक्त स्नायूंकडे आलेलं, दोन्ही चिकटून पण उलट दिशांनी वाहतात. गरम रक्त आपली उष्णता गार रक्ताला देऊन मगच कल्ल्यांत जातं. त्यामुळे कुप्याचे स्नायू पाण्यापेक्षा गरम राहतात आणि तो इतका वेगाने पोहू शकतो. पाना काकांनी सांगितलेलं रिजनरेशन आणि हे एकच आहे.


पाना_नंबर_बावीस

देवगडकर, इतकी वर्षं कुपा खाल्ला, हे माहीत नव्हतं. फार छान. नवख्यांनो, अभ्यासक्रमात हे दोन शेजारी शेजारी शिकवलं पाहिजे.

बाकी ठिकाणं तुम्हाला माहीतच आहेत. गाडीचा रेडिएटर, फ्रिजच्या मागची जाळी, एसीचं बाहेरचं युनिट, चंद्रपूरच्या वीज केंद्रातले कंडेन्सर, गावातल्या संकलन केंद्रावरचा बल्क कूलर. एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. घाटात गाडीचं तापमान चढायला लागलं तर एसी बंद करून केबिनचा हीटर फुल्ल करा. हीटर म्हणजे इंजिनच्या पाण्यावर चालणारा दुसरा छोटा रेडिएटर. आत उकडेल, पण गाडी बाजूला घेऊन थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन तगतं.


सांगोल्याची_दूधवाली

काका, जुन्या शेडमधल्या वाढदिवसाच्या फोटोत मागे पाश्चरायझर सापडला. युनियन खरंच उलट होत्या. बदलल्या, सीआयपी केलं, गरम पाण्याचा भाग उघडला तर प्लेटांवर पिवळट तपकिरी थर होता, नखाने निघत नव्हता. कॉस्टिक, ॲसिड, पुन्हा कॉस्टिक केल्यावर गेला. दोन्ही बाजूंचे दाब बघितले, फॉस्फटेज टेस्ट घेतली, चांगली आली. आजचे आकडे: कच्चं दूध रिजनरेशनमधून ६४ ला निघतं, तापलेलं १४ ला. गरम पाणी ७७ ला ठेवलंय. पिशवीत दूध ४ अंश. वासाची तक्रार नाही. दोन्ही कोटेशनं परत केली.

६६ ऐवजी ६४ का, याचा विचार करतेय. आणि एक नवीन प्रश्न. आमच्या चिलरच्या कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापतो. ती उष्णता पंख्याने हवेत सोडतो आणि तिकडे कॅन धुवायचं पाणी बॉयलरवर तापवतो. हे मला आता बघवत नाही.


पाना_नंबर_बावीस

शाबास. ५ वरून ६४ म्हणजे ६८ पैकी ५९ अंश, ८७ टक्के. वाईट नाही. एकदा पॅकची कसलेली लांबी मोजा, म्हणजे प्लेटांच्या दोन टोकांच्या चौकटींमधलं अंतर, आणि कंपनीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. नव्या गॅस्केटवर पॅक कमी कसला असेल तर खाचा एकमेकींना नीट टेकत नाहीत. जास्त मात्र कसू नका, प्लेटा कायमच्या चेपतात. लांबी बरोबर असेल तर रिजनरेशनच्या भागात जुना थर राहिलाय, पुढच्या ॲसिडला जरा वेळ जास्त द्या. आणि रोज पाळीला हे दोन आकडे वहीत लिहायला ऑपरेटरला सांगा. ६४ चं ६२ झालं की दुधाला वास यायच्या आधी तुम्हाला कळेल.

कॉम्प्रेसरच्या गॅसचं अगदी बरोबर ओळखलंत. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांच्या मध्ये एक छोटा हीट एक्स्चेंजर बसवतात, गॅस एका बाजूने, धुण्याचं पाणी दुसऱ्या बाजूने. समोरासमोर, हे आता तुम्हाला सांगायला नको. साधारण ५०-५५ अंशांचं पाणी फुकटात मिळतं, कॅन धुण्याच्या पहिल्या पाण्याला आणि बॉयलरमध्ये भरायच्या पाण्याला पुरेसं. दोन अटी. पाणी मऊ करून घ्या, सांगोल्याचं बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार धरतील. आणि गॅस नि पाणी यांच्या मध्ये दुहेरी भिंतीचा घ्या, म्हणजे भोक पडलं तर गॅस धुण्याच्या पाण्यात न जाता बाहेर दिसेल. तुमच्या चिलरचं मॉडेल, गॅस कुठला आणि दिवसाला गरम पाणी किती लिटर लागतं ते इथे टाका. साइज किती लागेल ते काढून देतो.